उभ्या जाळीचे गणोरकर काका

मी सायकलवरून पडलो तेव्हा दोन माणसं माझ्याकडे धावत आली. एक चहावाला. तो पाण्याचा जग घेऊन आला. दुसरे गणोरकर काका. ते टेप घेऊन आले.

चहावाला मला उठवायला लागला, तर काका ओरडले, "हलवू नको त्याला! जसा हाय तसा राहू दे. आधी माप घेऊ."

मी आडवाच. माझ्या सायकलचं पुढचं चाक सायकल ट्रॅकमधल्या एका लोखंडी जाळीत रुतलं होतं. पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून बसवतात तसली ती जाळी. काकांनी तिच्या दोन गजांमधली फट मोजली, मग माझ्या टायरची रुंदी मोजली, दोन्ही आकडे खिशातल्या वहीत लिहिले आणि माझ्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला.

"मुद्दाम पडलास का?"

"नाही हो."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. कॉलेजला चाललो होतो."

"एवढ्या मोठ्या ट्रॅकवर नेमका जाळीवरच पडला. मला शक हाय."

'मला शक हाय' हे त्यांचं कायमचं वाक्य आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, खरंच माझ्यावर काहीतरी आळ आला. कोपरातून रक्त येत होतं, पण मी आधी खिशातून कॉलेजचं ओळखपत्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोत कान वेगळे दिसत्यात."

मी सिल्लोड तालुक्यातल्या एका गावचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मक्याची पोती उचलतात. मी संभाजीनगरला आलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, की न वाचता कुठं सही करू नको आणि वाचूनबी शक्यतो करू नको. त्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी काका माझी खोली शोधत आले आणि पंचनाम्यावर सही मागू लागले, तेव्हा माझी अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच पाहा.

पंचनामा दोन पानी होता. "सदर इसम पूर्वेकडून पश्चिमेकडे सायकलीवर जात असता, जाळी उभी असल्याकारणाने, डाव्या अंगावर कोसळला." मी तो तीनदा वाचला. मग भीत भीत विचारलं, "सदर इसम म्हणजे मीच ना?"

"मग काय मी? कर सही."

"वडिलांना विचारून करतो."

काकांचा चेहरा एकदम बदलला. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बऱ्या नजरेनं पाहिलं. "विचार," ते म्हणाले. "लगेच सही करणारा माणूस मला चालत नाय." तेव्हापासून ते मला 'सिल्लोड' म्हणू लागले. माझं नाव त्यांनी ओळखपत्रावर वाचलं होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नसावा.

काका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य त्यांनी खुलताबादपासून सिल्लोडपर्यंत लोकांची शेतं मोजली. समोर भाऊ भाऊ उभे, दोघंही आईची शपथ घेतायत, आणि मध्ये बांध. "बांध चालतो, सिल्लोड," ते मला सांगायचे. "पाय नसत्यात त्याला, पण चालतो. दरसाली वीतभर. मी बघितलंय." अशा माणसाच्या घरासमोर हिरवा रंग मारून, कडेला प्लास्टिकचे खांब ठोकून सायकल ट्रॅक केला, तर तो त्याला शेतच समजणार. रोज सकाळी काका ठरलेल्या सात जागी ट्रॅकची रुंदी मोजत. पाणीपुरीवाल्यानं एक स्टूल पुढे सरकवलं की त्यांच्या वहीत नोंद. कुणी कारची दोन चाकं आत घेतली की नोंद. एका जागी ट्रॅक सरळ विजेच्या डब्यावर जाऊन आदळतो आणि डब्याच्या पलीकडून पुन्हा सुरू होतो. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "येथे सायकलस्वाराने काय करावे, याचा खुलासा नाही." खांबांपैकी तीन मोडले होते, दोन गायब होते. गायब झालेल्यातला एक त्यांना कपड्यांच्या दोरीला आधार म्हणून एका गच्चीवर दिसला. त्या घराकडे ते अजून बोट दाखवून बोलतात.

माझा रूममेट म्हणाला, "म्हातारा निवडणुकीला उभा राहणार, बघ." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. कारण नसताना शहरात कुणी कुणासाठी एवढं करतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ते माझ्यावर शक घेत होते, मी त्यांच्यावर घेत होतो. या पायावर आमची ओळख चांगली पक्की झाली.

पण बाकी सगळं एकीकडे आणि ती जाळी एकीकडे. खांब, स्टूल, कार यांच्याबद्दल काका नुसते चिडायचे. जाळीबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. ट्रॅकवरच्या बाकी सगळ्या जाळ्यांचे गज आडवे होते, म्हणजे चाक वरून निघून जातं. या एकाच जाळीचे गज उभे, जायच्या दिशेनं. चाक दोन गजांच्या मध्ये असं बसतं की जणू त्याच्यासाठीच जागा सोडलीय. फिरवून बसवावी, तर चौकटीत सिमेंट ओतून टाकलेलं. "मागल्या महिन्यात पेपरवाला पडला. आता तू पडला," काका म्हणायचे. "तुम्ही जवान, उठून बसता. एखादं वयाचं माणूस पडलं तर? खुबा गेला म्हंजे माणूस गेलं." मला वाटायचं, स्वतःबद्दल बोलतायत. पण काका सायकल चालवत नव्हते.

शेवटी वडिलांची परवानगी आली आणि मी सही केली. रस्त्याचं काम बघणाऱ्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. तिथल्या साहेबांनी पंचनामा वाचला, माझ्या कोपराकडे पाहिलं आणि विचारलं, "जाळी चोरीला गेलीय का?"

"नाय," काका म्हणाले. "जाळी हाय."

"मग तक्रार काय?"

"उभी हाय. आडवी पायजे."

साहेब जरा विचार करून म्हणाले, "काका, उभी का आडवी हे तुम्ही कुठून येता त्यावर असतं. बाजूनं या. आडवी होईल."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. काका हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आणि साहेबांना म्हणाले, "यावर सही करता?" साहेबांनी केली नाही. पावसाळा झाल्यावर बघू, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर काकांनी वही खिशात घातली. मग म्हणाले, "चुना हाय घरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळीभोवती चुन्याचं गोल रिंगण आखलं, मधोमध मोजणीत करतात तशी फुली मारली आणि चार कोपऱ्यांना चार खुणा केल्या. लांबून माणसाला दिसावं एवढाच हेतू. पण चांगल्या मोजणीदाराची रेघ ती. गोल म्हणजे अगदी गोल. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फुलीवर कुणीतरी कुंकू लावलेलं लिंबू ठेवलं होतं.

सगळा ट्रॅक त्या जागी वाकडा झाला. शाळेची पोरं, दूधवाले, हेल्मेट घालून मोठ्या किमतीच्या सायकली चालवणारे साहेब लोक, सगळे दहा पावलं आधीपासून बाजू घेऊ लागले. काका रिंगणाशी उभे राहून ओरडत होते, "अरे, मोजणी केलीय मी! करणी नाय! मोजणी!" एक बाई लांबूनच त्यांना हात जोडून गेली.

काकांनी लिंबू पायानं उडवलं. दुसऱ्या दिवशी नवीन. पुन्हा उडवलं. मग आठवड्याभरानं माझ्या लक्षात आलं, की लिंबू रोज ताजं असतं आणि काका आता ओरडत नाहीत.

मला हे पटेना. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि वाटेत उताऱ्याचं लिंबू दिसलं तर वडील ते उचलून आईला सरबत करायला देतात. अशा घरातून येऊन, माझ्या सहीच्या जाळीवर रोज कुणीतरी लिंबू ठेवावं आणि मी वळसा घालून कॉलेजला जावं, हे मला मनातून खात होतं. कोण ठेवतं ते बघायचंच ठरवलं. काकांना सांगितलं नाही. त्यांच्या संगतीत राहून मलाही न सांगता पाळत ठेवायची सवय लागली होती.

पहाटे चहाची टपरी बंद होती. तिच्यामागे बसलो. थोडं उजाडलं आणि समोरून कापडी पिशवी घेऊन गणोरकर काका आले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. पिशवीतून लिंबू काढलं, कुंकवाची पुडी काढली. मग टेप काढला. रिंगणाच्या दोन्ही कडांपासून माप घेऊन लिंबू बरोबर मध्यावर ठेवलं.

मी पुढे झालो. "काका, हे तुम्ही?"

ते दचकले नाहीत. "शक व्हताच मला तुझ्यावर. हळू बोल."

"पण काका, हे लोकांना फसवणं झालं."

"व्हय. फसवणंच हाय," ते म्हणाले. "अर्ज केला, पंचनामा केला, फोटो दिले. काय झालं? पहिली लिंबं कुणी ठेवली ठाव नाय, पण तवापासनं एक तरी माणूस पडला का, सांग."

कुणीच पडलं नव्हतं. पण मी तिथून हललो नाही. काकांनी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, मग मला हाताला धरून टपरीच्या बाजूच्या भिंतीशी नेलं.

"आता येईल ती."

"कोण?"

"तुझी काकू."

काकूंना मी ओळखत होतो. सहीच्या निमित्तानं घरी गेलो की त्या चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू पण सापडलास का यांना? बस, बाबा." बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. काका बोलत असले की त्या बहुतेक आत असायच्या.

"मला म्हणती, सकाळी देवळात जाते," काका हळू आवाजात सांगू लागले. "देवळात जाणारं माणूस बूट घालून जातं का? मला शक आला. गेलो एक दिवस मागं मागं. बघतो तर मैदानावर शेजारच्या पोरीची सायकल, आन् ही वर बसलेली. पोरगी मागनं धरून पळती. अठ्ठावन्न वर्षाची बाई, सिल्लोड!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. घरी आलो."

"इतके दिवस काहीच नाही?"

काका पिशवीची घडी घालत राहिले. "लग्न झालं त्या साली म्हणली व्हती, मला सायकल शिकवा. तवा मी एवढंच विचारलं, कुठं जायचंय तुला? बास. परत कधी म्हणली नाय." त्यांनी घडी पुन्हा उलगडली. "आता मी एक शब्द जरी विचारला ना, ती उतरल. कायमची उतरल."

"निदान जाळीचं तरी कुणाकडून सांगायचं त्यांना."

"सांगून ऐकणारी नाय ती. उभं काय, आडवं काय, म्हणल. पण वाटेत लिंबू दिसलं की चालतानाबी लांबनं वळती."

तेवढ्यात घंटी वाजली. काका चटकन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर शिकवणी वर्गाची जाहिरात होती. ती वाचत असल्यासारखं त्यांनी मान वर केली. मी टपरीच्या आडून पाहू लागलो.

काकू एकट्याच होत्या. मागं धरणारं कुणी नव्हतं. विजेच्या डब्यापाशी त्या खाली रस्त्यावर उतरल्या, पुन्हा ट्रॅकवर चढल्या. रिंगण दिसलं तसं पुढचं चाक थरथरलं. एक क्षण वाटलं, आता जातं. पण त्यांनी हँडल वळवलं, लिंबाला चांगलं हातभर लांब ठेवून पुढे आल्या आणि आमच्यासमोरून निघून गेल्या.

"गेली?" काकांनी भिंतीलाच विचारलं.

"गेल्या."

"पाय टेकवला?"

"नाही."

"कशी चालवती?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकू ओळखतील म्हणून काका रोज असेच भिंतीकडे तोंड करून उभे राहत असणार. मी नीट आठवून सांगितलं. "ओढणी कमरेला बांधली होती. पाठ ताठ होती. वळताना घाबरल्या, पण नंतर काहीतरी गुणगुणत गेल्या."

"गुणगुणत?"

"हो."

"घरात नाय गुणगुणत ती." काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "काय गुणगुणत व्हती?"

"ते ऐकू आलं नाही, काका."

ते जाहिरातीकडेच बघत राहिले.

"उद्या जरा जवळ उभा राहा," ते म्हणाले.