हिरव्या पट्टीवरचा काटा

एका जंगलात, मुलांनो, रस्ता एकच होता आणि गाड्या सतरा. सगळ्या आजोबांच्या वेळच्या. एकही धड चालत नव्हती, म्हणून मालकांना त्यांचा फार अभिमान होता.

या गाड्या झिपरू अस्वल सांभाळायचा. जुन्या गाडीत कार्बोरेटर नावाचं एक भांडं असतं. त्यात पेट्रोल आणि हवा एकत्र येतात. हवा जास्त झाली की गाडी धापा टाकते, पेट्रोल जास्त झालं की काळा धूर ओकते. झिपरू इंजिनाला कान लावायचा, धूर हुंगायचा आणि स्क्रू पाव आटा फिरवायचा. झालं काम! शाळेत तो कधी गेला नव्हता. नाक मात्र अस्वलाचं होतं.

सगळ्यांत मानाची गाडी आबासाहेब गव्यांची. दरवर्षी सतराही गाड्या घाट चढून टेकडीवरच्या देवीला जायच्या, आणि आबासाहेबांची सर्वांत पुढे असायची. यंदा आबासाहेबांनी शहरातून मीटर मागवलं. त्याची नळी सायलेन्सरात खुपसायची, की हवा जास्त का पेट्रोल जास्त ते काटा सांगणार. काटा हिरव्या पट्टीवर आला म्हणजे सगळं ठीक.

"झिपऱ्या, तुझं हुंगणं आता बंद," आबासाहेब म्हणाले. "मीटर सांगेल तसं करायचं. आणि गाडी वर पोचली नाही, तर माझ्या जागेतली शेड रिकामी कर."

शेड गेली तर झिपरूला गुहेत परत जावं लागलं असतं. गुहेत गाडी शिरत नाही.

काटा म्हणाला, हवा जास्त. झिपरूने पेट्रोल वाढवलं. काटा म्हणाला, अजूनही जास्त. झिपरूने आणखी वाढवलं. धूर काळाकुट्ट झाला. वरच्या झाडावरची वानरं बिऱ्हाड हलवून निघून गेली.

"आबासाहेब, पेट्रोल लई झालंय. डोळं चुरचुरायला लागलं माझं."

"मीटर काय म्हणतंय?"

"मीटर म्हणतंय, हवा जास्ती."

"मग तुझ्या डोळ्यांना कोण विचारतंय?"

झिपरू गाडीखाली शिरला. सायलेन्सरच्या नळकांड्याला बोटभर भोक होतं.

"हितनं भायेरची हवा आत शिरतीया, आबासाहेब. मीटर तीच मोजतंय. बुजवू का?"

आबासाहेबांच्या नाकपुड्या फुगल्या. "खबरदार! वडिलांच्या वेळचं भोक आहे ते. गाडीत सगळं मूळचं आहे, म्हणून तर तिला मान आहे. बाहेरचं काही लावायचं नाही!"

मीटर परवाच बाहेरून आलं होतं. पण हे झिपरू मनातच म्हणाला.

घाटाचा दिवस उजाडला. मीटर गाडीतच बसवलेलं होतं. तिसऱ्या वळणावर गाडी खोकली, दोनदा ठसकली आणि बंद पडली. ठिणगी पाडणारे प्लग पेट्रोलने चिंब भिजले होते. मागे सोळा गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. इंजिनच बंद, तेव्हा नळीत हवेशिवाय काय असणार? काटा थेट टोकाला गेला.

"बघ!" आबासाहेब गरजले. "नुसती हवाच हवा! मी सांगत होतो, पेट्रोल कमी पडतंय!"

आणि रागारागाने ते सावलीत जाऊन रवंथ करत बसले.

झिपरूला रडू आलं. इतक्या वर्षांची मिस्त्रीगिरी एका काट्यापायी चालली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मीटरची तार काढली. प्लग पुसले. कान लावला, हुंगलं, स्क्रू मागे घेतला. इंजिन गोड घुमू लागलं. मग त्याने मीटरची काच उघडली, नखाने काटा हिरव्या पट्टीवर आणला आणि मधाच्या पोळ्याच्या मेणाने चिकटवून टाकला.

आवाज ऐकून आबासाहेब परत आले, काटा हिरव्यावर बघून खूश होऊन बसले, आणि गाडी एका दमात वर पोचली. काटा तसूभरही हलला नाही.

देवीसमोर आबासाहेबांनी मीटरला हार घातला. "हे यंत्र होतं म्हणून पोचलो," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या भरवशावर राहिलो असतो, तर अजून तिसऱ्या वळणावरच बसलो असतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झिपरूनेही वाजवल्या. शेड वाचली होती, तरी त्याला प्रसाद गोड लागला नाही.

आठवडाभरात उरलेले सोळा मालक नवी मीटरं घेऊन शेडच्या दारात हजर झाले. "आबासाहेबांसारखंच बसवून दे," म्हणाले.

झिपरूने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि बायकोला आतून मेणाचा मोठा गोळा आणायला सांगितलं.

तात्पर्य : मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. ते नेहमी बरोबर दाखवील, याची काळजी मिस्त्री घेतो.