दहा टन होकार

वाळूला विचारल्याशिवाय वाळू घ्यायची नाही, हा नियम काचकारखान्यांना लागू होऊन सात वर्षं झाली. सुरुवातीला ज्यांनी कुरकुर केली, तेही आता मुकाट्याने विचारतात. घाटावरच्या एका कारखान्यात इंजेक्शनच्या औषधाच्या बारक्या बाटल्या होत. तिथे विचारण्याचं काम कुसुम इंगवले या बाईंकडे होतं. हुद्दा, संमती अधिकारी. ट्रक गेटवर आला की त्या शिडी लावून वर चढत, छापील मजकूर खणखणीत आवाजात वाचत आणि वाळूचं उत्तर रजिस्टरात उतरवून घेत.

वाळू वाळूत फरक असतो. नदीकाठची वाळू एका झटक्यात हो म्हणेल तर शपथ. ती 'बघू' म्हणते, 'घरी विचारून सांगते' म्हणते, आणि संध्याकाळी ट्रकवाला रडकुंडीला आला की मग होकार देते. कोकणातल्या आडटेंबची सिलिका वाळू मात्र मोठी गुणी. "आपणांस भट्टीत नेऊन वितळवण्यात येईल व आपली बाटली बनवण्यात येईल, यास आपली राजीखुशीने संमती आहे काय?" एवढं वाचून बाईंनी श्वास घेतला, की दहाच्या दहा टन एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा." बाई सही करत. इतकी समजूतदार वाळू आपल्या वाट्याला आली याचं त्यांना सात वर्षं कौतुक वाटत होतं.

एका मंगळवारी नेहमीप्रमाणे सगळं झालं आणि बाईंनी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात ट्रकच्या डाव्या कोपऱ्यातून आवाज आला, "नाय."

बाईंनी मजकूर पुन्हा वाचला. पुन्हा दहा टन व्हय म्हाराजा, आणि मागून एक नाय. तासभर चाळून त्यांनी तो कण शोधला, काळ्या कागदावर घेतला आणि भिंग लावलं. कण अगदी साधा होता. का नाही, असं त्यांनी विचारलं, कारण नकाराचं कारण लिहायला रजिस्टरात रकाना आहे.

"माका थंयच बरा वाटता," कण म्हणाला. 'मूळ जागीच बरं वाटतं,' असं बाईंनी रकान्यात लिहिलं.

मॅनेजर बोरगावे धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. लग्नात अक्षता पडायच्या आधी जेवून निघणारे. एका कणासाठी दहा टन अडवायचे का, बहुमत बघा की, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी नियमाचं पान उघडून दाखवलं. एकही कण नाखूश असेल, तर त्याला मूळ जागी सोडून तिथली पोच आणेपर्यंत माल हलवायचा नाही. बोरगाव्यांनी पान दोनदा वाचलं. कारखान्यात जेमतेम गुरुवार दुपारपर्यंत पुरेल एवढी वाळू होती. काचेची भट्टी चुलीसारखी विझवता-पेटवता येत नाही. ती एकदा थंड झाली की आतून तडकते, आणि नवी बांधायला वर्ष जातं. एकशे चाळीस माणसांची पोटं त्या भट्टीवर होती.

"बाई, गुरुवारी बारापर्यंत या," बोरगावे म्हणाले. "हात जोडतो."

बाईंनी कण कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि बुधवारी पहाटेची एस्टी धरली. कंडक्टरने डबी उघडायला लावली, आत पाहिलं आणि तीन फुटांच्या आत उंची असल्याने तिकीट लागणार नाही असं सांगितलं. घाट उतरताना बाईंना मळमळलं. कणाने, लांब बघा, बरं वाटेल, असा सल्ला दिला. त्यांनी तसं केलं आणि खरंच बरं वाटलं. एवढ्या शहाण्या कणाला आपण काल भट्टीत घालणार होतो, हे मनात येऊन त्यांना कसंसंच झालं.

आडटेंबची खाण देवळाच्या अगदी पाठीशी होती. तिथे पोच देण्याचा अधिकार तातू घाडींना. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मानही त्यांचाच. त्यांनी कण तळहातावर घेऊन पाहिला आणि लगेच ओळखला. गेल्या वर्षीच्या पुरात तो वरच्या ओहोळातून वाहून आला होता. गावात नवखाच होता. त्यांनी त्याला ओहोळाकाठी सोडलं, पोचपावतीवर सही ठोकली, आणि बाई एवढ्या लांबून आल्या आहेत तर रिकाम्या कशा पाठवायच्या म्हणून देवळापुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," तातूंनी सुरू केलं, "ह्या बायन तुझो कण तुझ्या पायाकडे आणून घातलेलो आसा, तो मानून घे, आणि तिच्या कामधंद्याक यश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागची अख्खी खाण म्हणाली.

बाईंच्या हातातली पर्स खाली पडली. तातू पुढे आपल्या गुडघ्याचं दुखणं बरं होऊ दे म्हणाले, पुतण्याला बांधकाम खात्यात चिकटव म्हणाले, आणि दर वेळी खाण तेवढ्याच मनापासून व्हय म्हाराजा म्हणाली. बाईंनी धीर करून खाणीकडे तोंड केलं आणि विचारलं, तुम्हाला उद्या उचलून समुद्रात ओतलं तर चालेल का? खाण म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"त्यांना कळतं का, आपण कशाला हो म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता, बाय?" तातू म्हणाले. "आमी गाऱ्हाण्यात थांबलंव काय मागसून व्हय म्हणाचा. तेवडी पद्धत आसा."

परतीच्या एस्टीत बाईंना सात वर्षांच्या बाटल्या आठवत राहिल्या, आणि त्यांना फार वाईट वाटलं. पोच पर्समध्ये होती. ती दाखवली की कुणी एक प्रश्न विचारणार नव्हतं.

गुरुवारी अकराला त्या गेटवर उतरल्या. बोरगाव्यांनी पोच पाहिली, देवाचं नाव घेतलं आणि ट्रक आत घ्या म्हणून ओरडले. बाई ट्रकपुढे उभ्या राहिल्या. दहा टनांचा होकार हा होकारच नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग घरी जायचंय का असं उलटं विचारा, बोरगावे म्हणाले. बाईंनी विचारलं. दहा टन म्हणाले, "व्हय म्हाराजा."

बोरगाव्यांनी डोक्याला हात लावला. बाईंनी स्टूल मागवलं, काळा कागद पसरला, पहिला कण घेतला आणि मजकूर न वाचता, शेजारणीशी बोलावं तसं, एकट्यालाच विचारलं. कणाने पाच मिनिटं घेतली. मग येतो म्हणाला. दुसरा नाही म्हणाला. तिसऱ्याला बाटली म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं.

भट्टी चारला विझली. तडकल्याचा आवाज गेटपर्यंत आला. भट्टीवरची माणसं हात पुसत बाहेर आली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी एकेक काळा कागद घेतला आणि ट्रकभोवती बसली. आतले कागद संपले तेव्हा दुकानातून आणखी आणवले. आता तिथे काच होत नाही, विचारपूस होते. चौथ्या दिवशी बोरगाव्यांनीही खुर्ची ओढली, एक कण बोटावर घेतला, दोनदा घसा खाकरला आणि हळू आवाजात विचारलं.

"जरा इचार करून सांगलंय तर चालात?" कण म्हणाला.

बोरगाव्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"चालेल," ते म्हणाले. "मी बसलोय."