अप्पांचं ऊर्जेचं पाणी

अप्पांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आणि घरातल्या बाकी सगळ्यांचा रक्तदाब वाढला. कुठूनसा एक निळा 'ऊर्जाखडा' आणून त्यांनी आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जगमध्ये टाकला होता. आता तेच औषध!

सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने समजावून सांगितलं, हृदयाचं चित्र काढून दाखवलं, शेवटी हात टेकले. "अप्पा, अहो, नुसता दगड आहे तो!"

"नुसता? मग पाणी कडवट का लागतं? ऊर्जा आहे ती! आणि परवा डॉक्टरांनी दाब मोजला, एकदम नॉर्मल. आता बोल!"

यावर विज्ञान गप्प बसलं, पण सून बसेना. "परीक्षा घेऊ. काही पेल्यांत खड्याचं पाणी, काहींत नळाचं. डोळे बांधून ओळखायचं. चुकलात तर उद्यापासून गोळी."

"आणि जिंकलो तर गोळीचं नाव काढायचं नाही!"

"कशाला नसते उद्योग?" सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या. पण त्यांचं ऐकतो कोण!

रविवारी निम्मी इमारत बैठकीच्या खोलीत जमली. लबाडी नको म्हणून पेले खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने भरले. अप्पांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. एकेक घोट घेत अप्पा सुटलेच, "नळाचं! खड्याचं! हेही खड्याचं! छे, हे नळाचं!"

"सगळी बरोबर!" शिंपी ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघातिघांनी तिथल्या तिथे फोनवरून खडे मागवले.

"माझ्याही डायबिटीसच्या गोळ्या आजपासून बंद!" असं म्हणत शिंप्याने पाण्याचा जगच तोंडाला लावायला उचलला.

"ठेवा खाली!" सासूबाई किंचाळल्या. "ह्यांची गोळी आहे त्यात!"

शिंप्याने जग पटकन खाली ठेवला.

"डॉक्टरांना विचारून रोज सकाळी कुटून घालते मी. काय करू? माणूस हट्टी आहे, आणि मला तो हवाय!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आई, मला तरी सांगायचंत!" सून म्हणाली खरी, पण तिला हसू आवरत नव्हतं.

अप्पांनी टॉवेल सोडला. आता आकाशपाताळ एक होणार, म्हणून शेजारी दाराकडे सरकले.

"म्हणजे दाब गोळीने उतरला?" अप्पांनी बायकोला विचारलं.

"हो."

अप्पा छाती फुगवून सगळ्यांकडे वळले. "बघा! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की नाही, पाण्यात काहीतरी आहे म्हणून?"

आणि बायकोला हळूच म्हणाले, "उद्यापासून अख्खी देत जा गं. कडू पाणी पिऊन तोंडाची पार चव गेली."