दयाळाचे मार्क

दामूगुरुजी पाखरांची हजेरी घेत. खरोखरीची, शाळेच्या कॅटलॉगात. आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणत तेव्हाची ही गोष्ट. श्रीवर्धनला आमच्या शेजारीच त्यांची सुपारीची वाडी. बायको वारल्यापासून एकटेच राहत. पेन्शन लागली, पण मास्तरकी काही सुटली नव्हती.

विद्यार्थी दोनच, बुलबुल आणि दयाळ. सकाळी ओटीवर डोळे मिटून गुरुजी त्यांचं गाणं ऐकत आणि दहापैकी मार्क देत. मध्ये कुणी आलं, की "थांबा, वर्ग चालू आहे!" मामलेदारालाही त्यांनी अंगणात उभं केलं होतं.

"बुलबुल बघ," ते मला सांगत. "डोक्यावर तुरा, बुडाखाली लाल. बारा महिने हजर. येतात दोनच ओळी, पण स्वतःच्या. सहा मार्क! आणि हा तुझा दयाळ. काळापांढरा, शेपटी उभी. गळा काय सुरेख! पण मेला कॉपी करतो रे. मध्येच खंड्या, मध्येच टिटवी. शून्य!"

शिवाय पावसाळा सरला की दयाळ गप्प, तो थेट फाल्गुनापर्यंत.

"मग नाव कमी करा की," मी एकदा म्हटलं. "माझं केलं होतंत, महिनाभर आलो नाही म्हणून."

"राहू दे," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. इतका कडक माणूस एका पाखराला सवलत देतो, याचं मला भारी कुतूहल वाटलं.

त्या वर्षी चैत्र निम्मा सरला, तरी दयाळ बोलेना. गुरुजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. विहिरीच्या रहाटाकडे तोंड करून बसून राहायचे. शेवटी मी सुपारी सोलायला येणाऱ्या भागीला गाठलं.

"वैनी पानी काढताना शीळ घालायच्या," ती म्हणाली. "मास्तर लय वरडायचं, बायमानसानं शीळ घालू न्हाय म्हनून. त्या पाखरानं ती शीळ उचलली. वैनी गेल्या, शीळ ऱ्हायली. व्हय, मी ऐकलीया."

पुढच्याच आठवड्यात सकाळी रहाटावरून तीन सूर आले. दोन चढते, एक लांबवलेला. मी धावत कुंपणाशी गेलो. गुरुजी ओटीवरून उतरून अंगणात उभे होते, कॅटलॉग खाली पडला होता.

दयाळ त्यांना बघून थबकला.

"घाल गो," गुरुजी हळूच म्हणाले. "घाल. आता कोणी रागावत नाही."