विकणे आहे: एकच मालक, उत्तम स्थिती

मोटारसायकल आपणच दाखवायची, असं तिनं मंगळवारी सकाळी बाळाची दुपटी वाळत घालता घालता ठरवून टाकलं. नवऱ्याच्या भरवशावर राहिलं, तर बाळ लायसन्स काढायच्या वयाचं होईल आणि मोटारसायकल तशीच जिन्याखाली उभी असेल, याची तिला खात्री पटली होती.

कार घ्यायची हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं आणि नवऱ्यानं मान डोलावली होती. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपली करडी कार विकणार होत्या आणि तिनं त्या कारचा तीन महिने असा अभ्यास केला होता, की कॉलेजात एवढा केला असता तर आज ती स्वतःच कुठलीतरी डॉक्टर असती. एअरबॅगा किती, ब्रेक कधी बदलले, मागच्या सीटला लहान मुलाची खुर्ची अडकवायला हुक आहे की नाही, सगळं तिला पाठ होतं. (कार चालवता येत नव्हती, ती गोष्ट वेगळी. आजवर बाबागाडीखेरीज तिनं काही चालवलेलं नव्हतं आणि तीही एकदा खांबाला घासली होती.) डॉक्टरीणबाई रविवारपर्यंत थांबणार होत्या. तोवर मोटारसायकल विकली गेली तरच पैसे पुरे पडणार होते.

अडचण होती नवऱ्याच्या मतांची. मोटारसायकलवर होते ती सेवा आणि कारवर होतो तो खर्च, हे त्याचं पहिलं मत. अकरा वर्षांचं तेल, चेन, टायर आणि विमा जमेला धरून त्यानं सिद्ध केलं होतं, की मोटारसायकल इतकी स्वस्त पडते, की तिच्यापुढे पायी चालणं ही चैन आहे, कारण चपला झिजतात. त्या हिशेबात चामड्याची दोन जाकिटं का नाहीत, असं तिनं विचारलं, तेव्हा ती कपड्यांत जातात, असं उत्तर मिळालं.

आधी आलेली दोन गिऱ्हाइकं त्यानंच परत धाडली होती. पहिल्यानं थंड इंजिनाला एकदम रेस दिली. दुसऱ्यानं बोलता बोलता टाकीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. असल्या माणसाच्या हवाली आपण मांजरसुद्धा करणार नाही, असं नवरा रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणत होता.

म्हणून तिसरं गिऱ्हाईक तिनं बुधवारी अकराला बोलावलं, नवरा ऑफिसात असताना. त्याला ते सांगितलं होतंच. उलट त्याला हायसं वाटलं. आपल्याला बघवणार नाही म्हणाला आणि जाताना एक कागद देऊन गेला: आधी पेट्रोलचा कॉक, मग चोक, मग दोन हलक्या किका, तिसरी मनापासून.

गिऱ्हाईक म्हणजे चित्रकलेचे शिक्षक होते. सडपातळ, अदबशीर, शर्टाच्या बाहीला निळा रंग लागलेला. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिनं कागदाबरहुकूम सगळं केलं आणि तिसऱ्या किकेला मोटारसायकल चक्क सुरू झाली. शिक्षकांनी मान कलती करून आवाज ऐकला, एक चक्कर मारून आले, भाव न करता खिशातून पाकीट काढलं.

इथं तिनं गप्प बसायचं होतं. पण पाहुण्याशी चार शब्द बोलावेत म्हणून तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं?

"बायको आणि मुलगी. सहा महिन्यांची."

"मग मुलीला कसं नेणार?"

"बायको मागे बसेल, मुलगी मध्ये. जवळच्या जवळ जायचं असतं, ताई."

झालं. पुढची चाळीस मिनिटं ती बोलत होती. वळणावरची वाळू, अचानक आडवी येणारी कुत्री, ओल्या रस्त्यावरचे ब्रेक, बाळाच्या मानेचे नाजूक स्नायू. (रोज पहाटे अंथरुणात पडून ती स्वतःला हेच ऐकवत असे. आज पहिल्यांदाच श्रोता मिळाला होता.) सासूबाई दोनदा खाकरल्या. तिसऱ्यांदा उघडच म्हणाल्या, "अगं, तो गाडी घ्यायला आलाय." तिनं मान डोलावली आणि टायर फुटल्यावर काय होतं ते सांगायला घेतलं.

शिक्षकांचं पाकीट खिशात परत गेलं. चेहरा उतरला होता.

"मग मी घेऊ तरी काय, ताई?"

तीन महिन्यांत जांभई न देता हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं सगळं सांगितलं. करडी कार, एअरबॅगा, हुक. डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला. डाव्या दाराला पोचा आहे, तो दाखवला की बाई किंमत कमी करतात, हेही सांगितलं. शिक्षक हात जोडून, गहिवरून गेले.

फाटक वाजलं. सासूबाईंनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"विकलीस का गं मोटारसायकल?"

"नाही, आई."

"मग आत्ता काय विकलंस?"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं दवाखान्यात फोन लावला, तर डॉक्टरीणबाई कुणाच्यातरी तोंडात हात घालून होत्या. तासाभरानं त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, तुम्ही पाठवलेले सर आत्ताच बयाणा देऊन गेले, किती तयारीचा माणूस, दाराचा पोचासुद्धा बरोब्बर शोधून काढला. तुम्ही पाठवलं म्हणजे तुमचा विचार बदलला असं समजले मी. या उपकारापोटी त्या तिच्या घरातल्या एकाचे दात फुकट साफ करून देणार होत्या.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. दुःखी दिसायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. ती रडवेली झालेली बघून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मी नुसती गिऱ्हाइकं नापास केली. तू गाडीच नापास केलीस. पण त्या पोरीचं भलं केलंस बघ." दुसरी कार मिळेल, आपण दोघं मिळून शोधू, असंही म्हणाला आणि ते त्यानं खरंच मनापासून म्हटलं.

राहता राहिले दात. बाळाला अजून आले नव्हते, सासूबाईंचे काढून घासता येत होते आणि नवऱ्याला वेळ नव्हता, त्याला चेनला तेल द्यायचं होतं. म्हणून शनिवारी तीच गेली. मोटारसायकलवर, मागच्या सीटवर, नवऱ्याच्या कमरेला घट्ट धरून.

दवाखान्यासमोर शिक्षक करड्या कारचा ताबा घेत होते. मागच्या खुर्चीत मुलगी पट्ट्यांत गुरफटून झोपली होती. मोटारसायकलवरून तिला उतरताना पाहिलं आणि ते काच खाली करून, आवाज हळू करून काळजीनं म्हणाले,

"ताई, रागावू नका. पण लहान बाळ आहे ना तुमच्या घरी? मोटारसायकलचा जरा विचार करा."

करते म्हणाली ती.