औताडे सर आणि जगलेल्यांची चौकशी

माझ्या भाच्याच्या लग्नात जेवणं उरकली आणि तासाभरात माणसं एकेक करून ओकायला लागली. क्रांती चौकाजवळचं मंगल कार्यालय, दुपारची वेळ. कुणी लिंबू शोधतंय, कुणी रिक्षा. नवरीचे मामा आचाऱ्याची गचांडी धरून उभे, कारण बासुंदीच बाधली याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. आणि या सगळ्या धांदलीत आमचे औताडे सर लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवून धडधाकट माणसांच्या मागे फिरत होते.

"तुम्हाला काही झालं नाही ना?" ते माझ्या आत्याला म्हणाले. "मग बसा. तुमच्याशीच काम आहे."

आत्या घाबरून बसली. बासुंदी किती वाट्या घेतल्या, पाणी कुठल्या पिंपातलं प्यायलं, भजी गरम होती की गार. आत्याला मधुमेह असल्यामुळे बासुंदीला हातही लावला नाही असं तिनं घरच्यांना सांगितलं होतं. सरांनी तिच्याकडून तीन वाट्या कबूल करून घेतल्या. अर्ध्या तासानं ते मामांपुढं उभे राहिले. "सोडा त्याला. बासुंदी न खाल्लेलेही ओकलेत आणि भरपूर खाल्लेल्या या बाई ठणठणीत आहेत. बासुंदीवर आरोप टिकत नाही." मग कशानं झालं, असं मामांनी ओरडून विचारलं. "पाणी असेल. पण असेलच असं नाही," असं म्हणून सर विडा खायला निघून गेले.

त्या आचाऱ्यानं दिवाळीत सरांना अर्धा किलो बासुंदी पाठवली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फळ्यावर कागद लागला: 'ज्यांच्या बाजूने मी निष्कर्ष दिला त्यांच्याकडून बासुंदी मिळाली आहे. ती मी खाल्ली आहे. सर्वांच्या माहितीसाठी.' खाली सही आणि तारीख.

सर आमच्या कॉलेजात विषशास्त्र शिकवतात, मी तिथंच ग्रंथालय सांभाळते. शहागंजच्या मागं दोन खोल्यांत एकटे राहतात, खानावळीत जेवतात. पहिल्यापासून असे नव्हते ते. चांगले चारचौघांसारखे, पगारवाढीवर बोलणारे, इस्त्रीचे कपडे घालणारे प्राध्यापक होते. त्यांना हे खूळ लागलं ते माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टेबलासमोर.

एक दिवस पहारेकऱ्यानं एका बाईंना माझ्याकडे आणून सोडलं. हातात कागद दिसला की तो माणसाला ग्रंथालयात पाठवतो. बाई सोयगावकडच्या, मेंढपाळ घरातल्या. नाव गयाबाई. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. हातातला कागद म्हणजे वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं, त्यात तरुण औताडे सर एका झुडपाशेजारी उभे.

"हे सर हितंच असत्यात नं?"

मी सरांना बोलावलं. ते कात्रण पाहून खूश झाले, कारण तो त्यांचा गाजलेला शोध होता. त्या भागात नऊ मेंढ्या एकाच दिवशी मेल्या, सरांनी त्यांची पोटं तपासली, नऊच्या नऊ पोटांत त्या झुडपाचा पाला सापडला आणि झुडूप विषारी ठरलं. त्यावर लेख छापून आला, बढती मिळाली, कॉलेजच्या माहितीपुस्तकात फोटो आला. त्या झुडपाचं नाव मी इथं लिहीत नाही. सरांनी बजावलं आहे, की लोक नाव तेवढं लक्षात ठेवतात आणि पुढचं विसरतात.

"त्या मेंढ्या आमच्या व्हत्या," गयाबाई म्हणाल्या. "त्या दिशी कळप म्या नेला व्हता. तुमचं हे छापून आलं आन् समदं गाव म्हणाया लागलं, गयीनं इखाच्या पाल्यावर मेंढरं घातली. मालक जाईस्तोवर तेच म्हणत गेले. आता कुणी माझ्या हाती शेरडू बी देत नाय. लोकाच्या रानात खुरपाया जाते मी."

सर काहीतरी समजूत घालू लागले, पण बाईंचं संपलं नव्हतं.

"सर, जगल्या त्यांनी बी त्योच पाला खाल्ला व्हता. माझ्या डोळ्यांम्होरं. मेलेल्यांची पोटं फाडली तुम्ही. जगलेल्यांचं कुणी इचारलंच नाय."

सर उभे होते ते खाली बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी गयाबाईंपुढं सरकवलं. म्हणाले, "हा प्रश्न माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी विचारायला पाहिजे होता. मी विचारायला पाहिजे होता." मग त्यांनी बाईंना सांगितलं, की मी हे पुन्हा तपासतो. तुमच्या बाजूनं निघालं तर तुमच्या गावात येऊन सांगीन, विरुद्ध निघालं तरी येऊन सांगीन. गयाबाई म्हणाल्या, "या. पर खरं सांगाया या."

तेव्हापासून औताडे सर बिघडले.

त्यांचा पहिला नियम म्हणजे आधी लिहायचं, मग बघायचं. काय शोधणार, कसं शोधणार, काय निघालं म्हणजे आपण चुकलो असं मानणार, हे सगळं कागदावर लिहून, लिफाफा लाखेनं बंद करून माझ्या कपाटात. नंतर शब्द फिरवायची सोय नको म्हणून. शहागंजातून त्यांनी लिफाफ्यांचा गठ्ठाच आणला. सवय करायची म्हणून त्यांनी आधी कँटीनच्या चहावर हात साफ केला. या चहानं पित्त होतं असा सगळ्या स्टाफचा जुना आरोप होता. कँटीनवाल्या सत्तारभाईंना त्यांनी कपांवर नंबर टाकायला लावले, कुठल्या कपात घरचा चहा आणि कुठल्यात कँटीनचा हे फक्त सत्तारभाईंना ठाऊक.

"क्या सर, चाय पिलानी है के इम्तिहान लेना है?" सत्तारभाई म्हणाले, पण नंबर टाकले.

महिनाभर आम्ही चहा प्यायलो आणि पित्ताच्या तक्रारी लिहून दिल्या. लिफाफा फुटला. फळ्यावर कागद लागला: 'कँटीनच्या चहाने काही झाले नाही.' आमचे विभागप्रमुख वैतागले. काही झालं नाही हे जाहीर कशाला करायचं?

"झालं असतं तर लावलं असतं की नाही?" सर म्हणाले. "मग नाही झालं तेही लावायचं. नाहीतर फळा वाचणाऱ्याला वाटेल जगात फक्त विषच आहे."

मेंढ्यांचं कळलं तेव्हा मात्र विभागप्रमुख वैतागले नाहीत, हबकले. स्वतःचाच गाजलेला लेख कुणी उकरतं का? माहितीपुस्तकाचं काय करायचं? सरांनी त्यांना लिफाफ्याची प्रत दिली आणि म्हणाले, वाचून बघा, काही राहिलं असेल तर सुचवा. हे तर आणखीच वाईट होतं.

मग दर रविवारी सर एसटीनं तिकडे जायला लागले. माळावर बसलेल्या मेंढपाळांकडे जाऊन विचारायचे, तुमच्या मेंढ्या हा पाला खातात का, किती खातात, आणि काही होत नाही ना? लोकांना कळेना. एक म्हातारा म्हणाला, "आमची मेंढरं जित्ती हायत की ओ. मेल्यावर या." सर त्याच्याजवळ तासभर बसले. शिवाय त्यांनी देशभरच्या प्रयोगशाळांना पत्रं लिहिली, की या पाल्यावर काही काम करून न छापता ठेवलं असेल तर पाठवा. आणि आलं! कुणाच्या खणातून, कुणाच्या फडताळातून. 'परिणाम आढळला नाही म्हणून छापले नाही' असं चारचौघांनी अगदी संकोचानं लिहिलं होतं. सरांनी एकेक पत्र मला वाचून दाखवलं, एखाद्या घरी मुलाची चिठ्ठी यावी तशा आनंदानं.

सर माळांवरून आणत त्या पाल्याच्या पुड्यांवर नंबर टाकायचं आणि नंबरांची यादी लिफाफ्यात बंद करायचं काम माझ्याकडे होतं. कुठला पाला कुठल्या माळावरचा हे तपासणाऱ्यांना कळता कामा नये म्हणून. मला एव्हाना गयाबाई जिंकाव्यात असं मनापासून वाटत होतं आणि मी ते सरांना बोलून दाखवलं.

"मलाही तसंच वाटतं, मॅडम," ते म्हणाले. "लई वाटतं. म्हणून तर नंबर टाकायचे."

दीड वर्ष गेलं. सर शेवटचा लिफाफा फोडत होते तेव्हा मी उगीचच कपाट आवरत होते. पाला निर्दोष होता. सरांनी जुना लेख मागे घेतला. का घेतला ते नव्यानं लिहिलं आणि सगळ्या नोंदी, सगळी पत्रं, तपासणीचे सगळे आकडे कुणालाही फुकट बघता येतील असे इंटरनेटवर टाकले. माहितीपुस्तकात आता त्या जागी कॉलेजच्या बागेचा फोटो आहे. विभागप्रमुख पंधरा दिवस बोलले नाहीत, मग चहाच्या वेळी त्यांनीच कप पुढं केला.

गावाला सर एकटेच निघाले होते, मी हट्टानं बरोबर गेले. त्यांनी मारुतीच्या पारावर उभं राहून, कागद धरून, सोप्या मराठीत वाचलं. माझी चूक काय झाली, कशी झाली. मेंढ्या पाल्यानं मेल्या नाहीत. गयाबाईंनी त्या तिकडे चारायला नेल्या यात त्यांचा काहीएक दोष नव्हता. हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

"मंग मेल्या कशानं?" गयाबाईंच्या दिरानं विचारलं.

"माहीत नाही."

"एवढं शिकून?"

"तीन-चार शक्यता आहेत. पण तेव्हाच्या नोंदी सोडल्या तर तपासायला आता काहीच शिल्लक नाही. सिद्ध न करता सांगितलं तर पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटेल. तेव्हा, माहीत नाही."

लोक थोडे हसले. दिरानं सरकून वहिनीला बसायला पारावर जागा करून दिली. माणसं पांगायला लागली. मला गहिवरून आलं होतं, सरांचा चेहरा मात्र परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा होता. त्यांनी गयाबाईंना कागद दिला. बाईंनी तो आडवा-उभा फिरवला आणि शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"ह्ये काय हाय?"

"त्या नऊ मेंढ्या. एक ते नऊ. शेजारी वय, रंग, खुणा."

"ही एक नंबर कोंची?"

"तोंड काळं, डावा कान चिरलेला."

"ती मोरी," गयाबाई म्हणाल्या. "दोन?"

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तक्त्याशेजारच्या कोऱ्या जागेत 'मोरी' लिहिलं. दोन, पोटावर पांढरा पट्टा, ती कबरी. तीन नंबर भुरी. बाई एकेक नाव सांगत होत्या, कुठली हट्टी होती, कुठली दुसरीच्या पिलाला पाजायची, आणि सर गुडघ्यावर कागद धरून सगळं लिहीत होते. एकदाही त्यांनी काही तपासून घेतलं नाही. आठपर्यंत आले.

"नऊ. तांबूस, लहान अंगाची."

गयाबाईंनी तक्त्यावरचं बोट उचललं. "ती बाजारातनं आणली व्हती. दोनच दिस झाले व्हते. नाव ठेवायचं ऱ्हायलं तिचं."

"मग आता ठेवा."

"मेलेल्या मेंढीला?"

"ठेवा. मी थांबतो."

पारावर आता आम्ही तिघंच होतो. गयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत माळाकडे बघत राहिल्या. परतीची एसटी येऊन उभी राहिली, वाहकानं हाक दिली, तरी सर हलले नाहीत.

"हरणी," शेवटी त्या म्हणाल्या. "पळायची लई."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि नवापुढं जपून, वळणदार अक्षरात लिहिलं, हरणी.