मानाचा नारळ आणि नववी अ

विनीत सरांना झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी वस्तूची किंमत कशी ठरते ते घडाघडा सांगितलं असतं. मागणी अशी चालते, पुरवठा असा चालतो, दोघांची गाठ पडते तिथे किंमत. "यात भावनेला जागा नाही," असं म्हणून ते नववी अ च्या फळ्यावर टिचकी मारायचे. "भावना म्हणजे खिशाला पडलेलं भोक." धामापूरच्या तळ्यापलीकडच्या त्या गावात हे वाक्य पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं.

बोलून थांबणाऱ्यांतले सर नव्हतेच. त्यांनी वर्गात बचत मंडळ काढलं होतं. दर शनिवारी प्रत्येकी दहा रुपये, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. छत्तीस मुलं, चोवीस शनिवार, आठ हजार सहाशे चाळीस रुपये. डब्याला कुलूप, आणि कुलपाची किल्ली समीक्षाच्या गळ्यातल्या दोऱ्यात. ही मुलगी हिशेबात इतकी पक्की, की खजिनदार म्हणून तिच्याशिवाय दुसरं नाव कुणी घेतलंच नाही. सोमवारी पोस्टात छत्तीस जणांची खाती उघडायची होती. सुरुवातीला पालक कुरकुरले होते, पोरांचे पैसे मास्तराकडे कशाला म्हणून. तेव्हा सरांनी पालकसभेत उभं राहून सांगितलं होतं, "यातला एक रुपया इकडचा तिकडे झाला, तर मी या शाळेची पायरी चढणार नाही." आता ज्या माणसाची नेमणुकीची फाईल सहा वर्षं वरच्या कचेरीत पडून आहे आणि जो अर्ध्या पगारावर शिकवतोय, त्यानं पायरीची भाषा जपून करावी. पण सर पडले सर.

त्या शनिवारी ग्रामदेवीचा उत्सव होता. दुपारी महाप्रसाद, आणि प्रसादानंतर पावणी. देवीपुढे आलेल्या फळांचा, नारळांचा तिथल्या तिथे लिलाव करतात, त्याला आमच्याकडे पावणी म्हणतात. पहिला मान देवीच्या पायांजवळच्या नारळाचा. तो ज्याच्या घरी जातो, त्याचं अडलेलं काम वर्षाच्या आत होतं, असं सगळा गाव मानतो.

सरांनी ही संधी हेरली. सकाळची शाळा सुटल्यावर सगळा वर्ग डब्यासकट देवळात आणायचा आणि किंमत ठरताना डोळ्यांनी दाखवायची. शिवाय आपणही एक बोली लावायची.

"नारळ तो नारळ," त्यांनी वर्गात सांगितलं. "कुडाळच्या बाजारात पस्तीस रुपयांना मिळतो. देवाचा मान धरून आपण जास्तीत जास्त एकशे एक देऊ. आकडा आधी कागदावर लिहायचा. कागदाच्या पुढे एक रुपया जायचं नाही. शहाणा ग्राहक तो हाच."

समीक्षानं कागदावर लिहिलं, एकशे एक. खाली सरांची सही घेतली.

बोली मितेशनं बोलायची ठरली. एक तर त्याचा आवाज वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाई. दुसरं म्हणजे त्याच्या बापाचा काजूचा कारखाना, त्यामुळे पोरगा बापाच्या वतीनं बोलतोय असंच लोक धरणार. मास्तर बोली लावतोय हे कळलं तर लोक चेष्टेनं आकडा चढवतील, आणि प्रयोग नासेल. म्हणून सर मितेशच्या मागे, सभामंडपाच्या खांबाआड मांडी घालून बसले. बाजूला मांडीवर डबा घेऊन समीक्षा.

माईक महादूकडे होता. महादू देवस्थान कमिटीचा खजिनदार. त्यानं आधी घसा साफ केला आणि नियम सांगितला.

"देवीसमोर बोललेली बोली फिरूची नाय. पैसे हयच मोजूचे, मगेच नारळ उचलूचो. सुरवात एकावन्नान."

कुणीतरी एक्काहत्तर म्हणालं. मितेश गरजला, "एकशे एक." मंडप शांत झाला. सरांनी समाधानानं वर्गाकडे पाहिलं. बघा, किंमत ठरली.

"एकशे एकावन्न," समोरच्या कोपऱ्यातून आवाज आला.

तो सुशांत होता. सरांच्या बायकोचा, रश्मीचा, चुलत भाऊ. मोबाईलचं दुकान चालवतो आणि भावजींची टिंगल हा त्याचा जोडधंदा. गेल्या चतुर्थीला भरल्या पंगतीत तो सरांना म्हणाला होता, "भावजी, फळ्यार पैसे वाढवूक भांडवल लागना नाय." पंगत हसली होती. सरांच्या घशात मोदक अडकला होता.

धडा खरं तर इथेच संपला होता. वर्गाला उठवायचं आणि वहीत नोंद करायची. सर मितेशच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दोनशे एक."

समीक्षानं कागद पुढे केला. "सर, कागदार एकशे एक आसा."

"तो वर्गाचा आकडा. हे माझे पैसे आहेत."

सुशांत म्हणाला तीनशे एक. मितेश म्हणाला पाचशे एक. सुशांतनं पानाला चुना लावत हजार एक सांगून टाकले. सरांच्या खिशात सातशे चाळीस होते. महिनाअखेर, खात्यात अकराशे. ते कुणी सांगायला नको होतं. पण सरांच्या डोक्यात आता एक वेगळंच गणित सुरू झालं. हा एवढा चढतोय ना, मग चढू दे. आपण आकडा वर ढकलत राहायचं, शेवटी नारळ त्याच्या गळ्यात मारायचा. देवळाला चार पैसे मिळतील आणि सुशांतला पंगतीतलं बोलणं महागात पडेल. अर्थशास्त्रात या वागण्याला काय म्हणतात ते सरांना त्या क्षणी आठवलं नाही.

"दीड हजार एक," सर कुजबुजले.

"दोन हजार एक," सुशांत.

मंडपात चुळबुळ सुरू झाली. जेवून आडवी झालेली म्हातारी माणसं उठून बसली. महादूचा आवाज दर बोलीला वरच्या पट्टीत जात होता. तीन हजार एक. साडेतीन. चार. मितेशला तर आपण खरंच बापाच्या वतीनं बोलत असल्याची धुंदी चढली होती. सर एक आकडा सांगत, तोवर तो बोलून मोकळा होई. आणि सुशांत निवांत पान चघळत होता. स्वतःचे पैसे जात असताना माणूस इतका निवांत बसत नाही, एवढं तरी सरांच्या लक्षात यायला हवं होतं.

"सहा हजार एक," सुशांत म्हणाला.

"आता शेवटचा टोला," सर म्हणाले. "साडेसहा."

"सहा हजार पाचशे एक!" मितेशच्या आवाजानं घंटा हलली म्हणतात.

आणि सुशांत गप्प बसला.

समोरून आकडा येईना. महादूनं माईक तोंडाजवळ नेला. "सहा हजार पाचशे एक, एक वार."

"सर," समीक्षा हळूच म्हणाली, "तुमच्याकडे किती आसत?"

सरांची नजर तिच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली. तिनं ती नजर पाहिली आणि डब्यावरचा हात घट्ट केला. देवीसमोर बोललेली बोली फिरत नाही, पैसे इथेच मोजायचे, आणि अख्ख्या देवळात सरांच्या आवाक्यातले पैसे त्या एका डब्यात होते. पालकसभेतली पायरी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मघापासून सुशांतला हरवायला निघालेला हा माणूस आता मनातल्या मनात त्याच्या पाया पडू लागला. बोल रे बाबा. एक रुपया वाढव. पुढच्या चतुर्थीला हवं ते बोल.

सुशांत बोलला नाही, पण त्यानं मान वळवून बायकांच्या बाजूला पाहिलं. विचारल्यासारखं. सरांनी त्याच्या नजरेमागे नजर नेली. दोरीपलीकडे, बायकांच्या पहिल्या रांगेत, हातात पर्स धरून रश्मी उभी होती. सकाळी ओटी भरायला जाते म्हणून घरातून निघालेली रश्मी.

सगळं एका दमात सरांच्या ध्यानात आलं. दीडशेपासून साडेसहा हजारांपर्यंत ते आपल्याच बायकोशी झुंजत होते.

"सहा हजार पाचशे एक, दोन वार."

आता वाचायचा एकच मार्ग होता. रश्मीनं अजून एकदा वाढवायला हवं होतं. नारळ घरात येईल, पैसे तिचे जातील, पण डबा सुटेल. सर खांबाआडून उठले, दोन्ही हात वर करून वर, अजून वर, असं करू लागले. चेहऱ्यावर तर अशी काही कळ, की शेजारच्या माणसानं त्यांना पाणी विचारलं.

रश्मीनं त्यांना पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. नवऱ्याला न सांगता पावणीत उतरली होती, आणि नवरा भर मंडपात हात उंचावून उभा. हा माणूस आजवर साडीच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, जत्रेत, जिथे तिथे हात वर करून एकच गोष्ट सांगत आला होता, पुरे. तिनं खाली मान घातली आणि सुशांतला खूण केली, नको.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रश्मीनं त्यांचं पहिल्यांदाच ऐकलं.

"तीन वार," महादू म्हणाला आणि घंटा वाजली. "बाळा, पैसे हाड." त्यानं ताट पुढे केलं.

मितेशनं मागे पाहिलं. सगळ्या वर्गानं मागे पाहिलं. सर समीक्षाजवळ खाली बसले. "समीक्षा, दोन दिवसांचा प्रश्न आहे," ते पुटपुटले. "सोमवारी सकाळी मी..."

"सर, तुमीच शिकवलात," समीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात डब्यावरून हलला नाही. "दुसऱ्याच्या पैशाक हात लावच्या आधी त्येका इचारूचा. हे छत्तीस जणांचे आसत. छत्तीस जणांक इचारूक होया."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि सरळ महादूपुढे जाऊन उभे राहिले.

"महादू, बोली माझी होती. पोराची नाही. माझ्याकडे सातशे चाळीस रुपये आहेत."

महादूचा माईक सुरूच होता. सातशे चाळीस हा आकडा देवळातून निघाला, तळ्यावरून गेला आणि पलीकडच्या वाडीत पोचला. मंडपात कुणी हसलंही नाही, आणि तेच जास्त बोचलं.

तेवढ्यात दोरी उचलून रश्मी पुढे आली. तिनं पर्स उघडली आणि ताटात नोटा मोजायला सुरुवात केली. पन्नासाच्या, शंभराच्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या विकून वर्षभर जमवलेल्या. सहा हजार पाचशे एक. मोजून झाल्यावर तिनं नारळ ओटीत घेतला.

"एकशे एकावन्नाक गावलो असतो माका," ती इतकंच म्हणाली.

"पण नवस कसला होता?" सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"तुमच्या फायलीचो."

बायकोबद्दल इतकं प्रेम आणि स्वतःबद्दल इतकी लाज सरांना एकाच वेळी कधी वाटली नव्हती. महादूनं मात्र नोटा दोनदा मोजून पेटीत टाकल्या आणि आदरानं हात जोडले. "सर, पुढल्या वर्षी वर्गाक जरूर घेवन येवा. देवळाचा छप्पर करूचा आसा."

सोमवारी पहिल्या तासाला समीक्षानं टेबलावर एक अर्ज ठेवला. छत्तीस सह्या. बचत मंडळाच्या डब्याची किल्ली यापुढे रश्मीकाकींकडे राहील, असा ठराव एकमतानं पास झाला होता. सरांनी तो वाचला, खाली सही केली आणि चष्मा पुसला.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण आज पोस्टात खाती उघडायला मोठं माणूस बरोबर लागेल."

"रश्मीकाकी येतली आसत," समीक्षा म्हणाली.

"आणि मी?"

समीक्षानं वर्गाकडे पाहिलं. वर्गानं थोडा विचार केला. मग तिनं मोठ्या मनानं निर्णय दिला.

"तुमीव येवा सर. फक्त थंय काय बोलू नकात."